दुपारी जवारी काढत नाहीत

चाचांनी तंबोऱ्याची खोळ पुरती काढलीसुद्धा नाही. तोंडाची नाडी सोडली, आत हात घालून तारांखालच्या घोडीवरून बोट फिरवलं आणि नाडी परत बांधून टाकली.

"संध्याकाळी सहाला या."

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. आम्ही चौघं कोल्हापूरहून सकाळच्या पॅसेंजरने पाच फुटी तंबोरा मांडीवर घेऊन मिरजेला आलो होतो. अकराला वाद्य जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवायला, टाकायचं, बाराला घ्यायचं, कुठंतरी जेवून झोप काढायची आणि रात्री दर्ग्यात गाणं ऐकायचं, असा बुवाचा बेत होता. बुवा म्हणजे आमचा मित्र. बँकेत कारकून, पण पहाटे उठून खर्ज, म्हणजे खालचा सा, लावतो म्हणून बुवा.

"चाचा, तासाभराचं काम हाय की."

"काम पाव तासाचं हाय. पण दुपारी जवारी काढत नाही मी. आता तार ढिली हाय. आता काढली तर रात्री गार वाऱ्याला तुमचा तंबोरा तोंड मिटून बसंल. मग म्हणणार, चाचानं बिघडवला."

बुवाने तोंड उघडलं आणि मिटलं. तंबोऱ्याच्या आधी त्यानेच.

हे 2016 सालचं. मराठवाड्यात पाणी नव्हतं, आणि आमच्याकडे कृष्णाकाठीही ऊन असं पडलं होतं की सकाळी दहालाच रस्ते ओस. मिरजेच्या दर्ग्यातला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस चांद्र कालगणनेवर चालतो, त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. कधी थंडीत येतो, कधी पावसात. त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात आला होता. उरुसातच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीत सभा असते, दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली. तिकीट नाही, पास नाही. गायक-वादक इथे कार्यक्रम करतात असं कुणी म्हणत नाही, 'हजेरी लावतात' म्हणतात. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आलो होतो तो मित्र निघाले म्हणून, आणि रात्रभर बाहेर राहायला मिळेल म्हणून.

बाकी दोघांत एक डॉक्टर. तिचं शिक्षण मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात झालेलं, त्यामुळे गावात पाऊल ठेवल्यापासून ती आमची वाटाड्या झाली होती. दुसरा पंढरपूरकर. तो का आला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण कुठंही चला म्हटलं की चपला घालणारा एक मित्र असावा लागतो, तो हा.

येताना मिरज स्टेशनवर एक दृश्य पाहिलं होतं ते सांगायला हवं. यार्डात टाकीच्या वाघिणींची रांग उभी होती. एप्रिलमध्ये इथून लातूरला पाण्याची गाडी सुरू झाली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. मिरज ते लातूर 342 किलोमीटर. कृष्णेचं पाणी मांजरेच्या खोऱ्यात, तेही रुळांवरून. डब्यातली सगळी माणसं उजव्या खिडक्यांशी गोळा झाली होती. एक आजोबा वाघिणी मोजत होते, मध्येच आकडा चुकला की पहिल्यापासून. बुवा मात्र तंबोरा धरून जागेवर बसला होता, गर्दी आली की भोपळ्यावर पाठ करायचा.

तर जवळजवळ सात तास चाळीसच्या आसपासच्या उन्हात काढायचे होते.

डॉक्टरने आधी आम्हाला दर्ग्यात नेलं. उरुसाचा बाजार रात्रीच जागा होतो. दुपारी पाळणे थांबलेले, बांगडीवाल्या हातगाड्यांवर पोती टाकलेली, खेळण्यांच्या दुकानात पोरगा पंख्याखाली आडवा. मिठाईच्या ढिगांवर मलमल आणि मलमलीवर माश्या. आवारात मात्र लोक होते. लांबून आलेली कुटुंबं सावली बघून पसरली होती. सावली सरकली की सतरंजी सरकायची, सतरंजीवरचं पोर झोपेतच सरकायचं. इथल्या उरुसात पहिल्या मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे डॉक्टरने सांगितलं. तिच्या कॉलेजच्या काळात ती मैत्रिणींबरोबर तो बघायला यायची.

खाँसाहेबांची कबर याच परिसरात आहे. बुवा तिथे गेला, चप्पल काढली आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग एक पाय उचलला, मग दुसरा. श्रद्धेचं आणि फरशीचं काही जमेना. शेवटी रुमाल टाकून त्यावर उभा राहिला. आम्ही हसलो, पण तो चिडला नाही. सावलीत आल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराणा गावचे, 1872 चा जन्म. फिरत फिरत महाराष्ट्रात आले, 1913 मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि पुढे मिरज हेच घर झालं. प्लेगच्या आजारातून उठले ते या दर्ग्यात गाऊन, अशी इथली श्रद्धा आहे, आणि म्हणून ते दरवर्षी उरुसात इथे गायला बसत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुलं. शेवट मात्र लांब झाला. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमलकोईल नावाच्या लहान स्टेशनावर ते उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले, दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला.

"फलाटावर?" पंढरपूरकराने विचारलं.

"फलाटावर."

"तंबोरा होता का जवळ?"

बुवाला हे ठाऊक नव्हतं. पण प्रश्न त्याला लागला असावा, कारण मग तो बराच वेळ गप्प होता.

गप्प असण्याचं दुसरं कारण दोनच्या सुमारास कळलं. दर्ग्यातून निघून आम्ही परत चाचांच्या सतारमेकर गल्लीकडे चाललो होतो. वाटेत तिघांनी दोन-दोन ग्लास लिंबू सरबत मारलं. बुवाने नाही. बर्फ घशाला वाईट. उसाचा रस? घशाला वाईट. ताक? आंबट, घशाला वाईट. सकाळपासून जेवणही नाही, कारण रात्री गाणं ऐकायचं तर पोट हलकं हवं. (गाणार दुसरे, उपास याचा.) गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, "जरा अंधारल्यासारखं होतंय," आणि एका ओट्यावर बसला. बसला म्हणजे ओघळलाच.

डॉक्टरने त्याचा हात धरला, कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली. "घाम येतोय म्हणून वाचलास," म्हणाली. "घाम थांबून अंग तापलं असतं तर मी तुला ओट्यावर नाही, कॅज्युअल्टीत नेला असता. मी सांगतो ते गप ऐकायचं आता." कोल्हापूरच्या पोरी 'मी सांगतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.

त्याला आडवा केला, पाय पायरीवर उंच ठेवले, शर्टाची बटणं सोडली. ज्यांचा ओटा होता त्या घरातल्या खाला बाहेर आल्या. काही न विचारता त्यांनी माठातलं पाणी आणलं. डॉक्टरने लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ढवळलं. रुमाल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला. बुवाने डोळे किलकिले करून विचारलं, "पाणी लई गार नाही ना?"

तेव्हा डॉक्टरने त्याला जो शब्द वापरला तो इथे लिहिता येत नाही. खाला पदर तोंडाला लावून हसल्या.

घोट घोट करत अर्ध्या तासात त्याने तांब्या संपवला. रुमाल पिळला तेव्हा खालांनी खाली मोगऱ्याची कुंडी धरली. पाणी मातीत पडलं तसं मला सकाळच्या वाघिणी आठवल्या. त्या उन्हाळ्यात कुणाच्याही हातून पाणी नुसतं सांडत नव्हतं.

बुवाला ओट्यावर डॉक्टरच्या राखणीत ठेवून मी आणि पंढरपूरकर चाचांच्या कारखान्यात जाऊन बसलो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आत शिरताच लाखेचा आणि लाकडाच्या भुश्श्याचा वास. आढ्याला भोपळे टांगलेले, लहान, मोठे, काही इतके मोठे की आत पोर बसावं. दोन तरुण कारागीर जमिनीवर पाय पसरून दांड्यांना कानस मारत होते. पंखा नव्हता, भुसा उडतो म्हणून. चाचा एका कोपऱ्यात चष्मा कपाळावर ठेवून पडले होते, पण झोपले नव्हते.

पंढरपूरकराने वर बघितलं आणि म्हणाला, "हे आमच्याकडचं."

चाचा उठून बसले. "कुठलं गाव?"

त्यानं सांगितलं. मग पुढचा तास माझ्याकडे कुणी बघितलं नाही. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमाकाठच्या शिवारातून. खायचे नव्हेत, कडू. वेलावरच पुरते वाळू द्यायचे, साल जाड व्हायला हवी. फळ जमिनीवर नीट बसवावं लागतं, नाहीतर एका अंगाला चपटं होतं. पंढरपूरकराच्या चुलत्यांनी एक-दोन वर्षं लावले होते. तो म्हणाला, पाऊस अवकाळी आला की सगळा माल डागतो. चाचा म्हणाले, औंदा पाणीच नाही, वेल कुठनं येणार. मग दोघंही वर टांगलेल्या भोपळ्यांकडे, खळ्यावर रास बघावी तसं बघत बसले.

"गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, अमुक मापाचा तंबोरा पायजे," चाचा मला म्हणाले. "तसं नसतं. भोपळा आधी येतो. त्याच्यावरनं तंबोरा ठरतो."

भोपळा कापून, भिजवून, आतून साफ करून त्यावर लाकडी तबली, म्हणजे वरचं झाकण, बसते. लाकूड तुणीचं, हलकं, पण वर्षानुवर्षं वाळलेलं. मग गळा, दांडी, खुंट्या, भोपळ्यावर लाकडी पानांची नक्षी. शेवटी घोडी, जिच्यावरून तारा जातात. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत असे, सांबरशिंग असे. ते कायद्याने गेलं ते बरंच झालं. आता हाड, शिसव, नाहीतर फायबर.

या गल्लीतली घराणी शिकलगारांची. तलवारी, भाले घडवायचे, धार लावायची. इंग्रजांचं राज्य पक्कं झालं आणि हत्यारांचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरा बनवायला घेतला, आणि गल्लीचं नाव बदललं. कानस तीच, चाललेली वेगळ्या वस्तूवर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी बातमी चौघांच्या गटात टाकली होती. पंढरपूरकराने लिहिलं, 'भोपळ्याला काय मिळालं?'

मी चाचांना माझा अडाणी प्रश्न विचारला: उन्हाने नेमकं होतं काय?

त्यांनी कोपऱ्यातला तबला पुढे ओढला आणि बोट मारलं. टणत्कार. "चामडं सुकतं, ताणतं. तबला चढला." मग भिंतीला टेकलेल्या तंबोऱ्याची तार छेडली. "तार तापली की पसरती. तंबोरा उतरला. एक वर चाललाय, एक खाली चाललाय. गाणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?" रात्री उलटं. गार झालं की तार आखडते, तंबोरा चढतो. हवेत दमटपणा आला की तबला उतरतो. म्हणून त्यांच्या हिशेबाने जवारीची वेळ दिवे लागायची. ऊन गेलेलं असतं, रात्र आलेली नसते.

बाहेर रस्त्यावर तेव्हा एक कुत्रं सुद्धा नव्हतं. त्या खोलीत मात्र दोन कानशींचा आवाज, एक जाड, एक बारीक, सारखा चालू. मी भिंतीला टेकलो आणि चक्क झोपलो.

सहाला बुवा आला. दही-भात खाऊन, तोंडावर कळा घेऊन. डॉक्टरने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली होती आणि तो ती शाळेतल्या पोरासारखी गळ्यात अडकवून हिंडत होता.

चाचांनी खोळ काढली. तंबोरा आडवा मांडीवर घेतला. आधी नुसत्या तारा मिळवल्या: पंचम, मग जोडाच्या दोन, म्हणजे मधल्या सा च्या, मग खर्ज. बुवाची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा सा. तारा सुरात होत्या, एवढं मलाही कळत होतं. पण आवाज ठोकळ्यासारखा. छेडला की वाजायचा आणि संपायचा.

मग त्यांनी पंचमाची तार ढिली करून बाजूला सारली आणि घोडीवर कानस ठेवली. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण तसा नसतो. किंचित उतार असतो, नखाच्या पाठीसारखा. तार त्या उतारावर टेकलेली आणि न टेकलेली, अशी दोन्ही असावी लागते. वर्षानुवर्षं वाजवून तारेने तिथे बारीक चर पाडलेली असते. ती काढायची, पण उतार बिघडू द्यायचा नाही. चाचांनी तीन-चारदा कानस फिरवली. हलकी, जवळजवळ गोंजारल्यासारखी. फुंकर मारली. तार बसवली, मिळवली, छेडली. मान हलवली. परत ढिली. परत कानस, या वेळी दोनदाच. असं एकेका तारेला चार-चार, पाच-पाच वेळा. पाव तासाचं काम म्हणाले होते. पाऊण तास झाला. मध्ये एकदा एक तरुण कारागीर चहा घेऊन आला तर त्याला हातानेच थांबवलं.

शेवटी त्यांनी दोऱ्याचा तुकडा तोडला. तार आणि घोडी यांच्यामध्ये तो सरकवला आणि बोटाने केसभर, केसभर पुढे नेऊ लागले, एका हाताने छेडत. आवाज बंदच होता, ठोकळाच. मग एका जागी दोरा आला आणि तार फुटली.

'फुटली' हा शब्द त्यांचाच. मी दचकलो, म्हटलं तुटली. तुटली नव्हती. आवाजाच्या आतून आवाज निघाला. तार एकच आणि तिच्यातून झरा फुटावा तशी किणकिण बाहेर आली, आणि बोट उचलल्यावरही थांबेना. एकेक करून चारही तारा त्यांनी तशा उघडल्या. मग तंबोरा उभा केला, बुवाच्या हाती दिला आणि मला म्हणाले, "इकडं या. कान लावा. खर्जात काय ऐकू येतंय सांगा."

"खर्ज."

"अजून."

"खर्जच."

"घाई नको."

बुवा छेडत होता. पंचम, जोड, जोड, खर्ज. मी डोळे मिटले. लहानपणी विहिरीत डोकावल्यावर आधी काळोख दिसायचा आणि मग तळाशी काहीतरी चमकायचं, तसं काहीतरी झालं. जाड खर्जाच्या वर, बरंच वर, एक बारीक सूर होता. कुणी वाजवत नव्हतं तो. चारही तारांत नव्हता.

"कुणीतरी गातंय," मी म्हणालो. मला दुसरा शब्द सुचला नाही.

बुवाने डोळे उघडले. "गंधार आहे तो. स्वयंभू गंधार." आणि मग, अगदी कारकुनी आवाजात, "सात वर्षं तुला सांगतोय मी."

चाचांनी पूर्ण पैसे घेतले. तारांत ओवलेल्या मण्यांतले दोन बदलले, त्यांचे वेगळे. उरूस म्हणून सूट वगैरे काही नाही. मला ते आवडलं.

रात्रीचं गाव दुपारच्या गावाला ओळख देत नव्हतं. पाळणे फिरत होते, मौत का कुआँच्या फळ्या थरथरत होत्या, शिट्ट्या, पिपाण्या, भोंगे. त्या गर्दीतून पाच फुटी तंबोरा न्यायचा म्हणजे पालखी नेण्यासारखं. पंढरपूरकर पुढे होऊन "बाजू द्या, बाजू द्या" करत होता आणि लोक खरंच बाजूला होत होते. एका बाईने खोळीला हात लावून तो हात कपाळाला लावला. तिला काय वाटलं कोण जाणे.

आवारात जाजमं अंथरलेली होती. आम्ही चिंचेच्या बाजूला जागा धरली. पुढे म्हातारी मंडळी, हातात विणलेले पंखे. मागे झोपलेली पोरं. मध्ये वाद्यांच्या गल्लीतले कारागीर, अंघोळ करून, पांढरे कपडे घालून. चाचाही होते. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही, तंबोऱ्याकडे बघितलं.

कोण गायलं त्याची यादी मी देत नाही. एक तर मला तेव्हा नावं ठाऊक नव्हती, आणि दुसरं, इथे नामवंतांच्या आधी-नंतर नवखी पोरंही बसतात आणि लोक दोघांनाही सारखंच ऐकतात. एक विशी-बाविशीचा मुलगा बसला. यमन लावला असता तर निभावलं असतं, त्याने पूरिया घेतला, असं बुवा कुजबुजला. त्याचे तंबोरे लागेनात. संध्याकाळची तापलेली हवा उतरत होती, तारा हळूहळू चढत होत्या. तो मिळवायचा आणि त्या परत निसटायच्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. बाजारातून एक भोंगा सिनेमाचं गाणं फेकत होता. पुण्या-मुंबईत लोकांनी घड्याळं बघितली असती. इथे कुणी हललं नाही. माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. मीही मिटले. सकाळचा मी असतो तर या वेळात पाळण्यात बसून आलो असतो. आता मला काय चाललंय ते माहीत होतं: तो मुलगा उन्हाशी भांडत होता.

मग एका क्षणी ते दोन्ही तंबोरे एकमेकांत विरघळले. आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "लागलं." मलाही कळलं होतं, त्यांच्या आधी नसेल, पण त्यांच्याबरोबर. मुलाचं गाणं बेताचंच झालं, एकदा अडखळला तेव्हा तबलजीने त्याला उचलून धरलं. पण तो पहिला षड्ज त्याने लावला तेव्हा पुढच्या रांगेतले पंखे थांबले होते, हे मी पाहिलं.

बारानंतर वारा सुटला. डॉक्टर माझ्या सॅकवर डोकं ठेवून झोपली. तिला दुसऱ्या दिवशी ओपीडी होती. पंढरपूरकर पाळण्यात दोनदा बसून, भजी घेऊन परत आला होता. बुवा मात्र ताठ. बाटली अजून गळ्यात. मधून मधून खोळीत हात घालून तो आपल्या तंबोऱ्याच्या खुंट्या चाचपायचा. गार हवेने चढला असेल, थोडा उतरवायचा, बोटाच्या टोकाने तार हळूच हलवून कान लावायचा. मी म्हटलं, "वाजवायचा नाही तर मिळवतोस कशाला?" तो म्हणाला, "बेसूर घेऊन बसवत नाही."

साधारण दीडला एक वयस्क गायक बसले. मालकंस. पट्टी काळी एक, बुवा लगेच म्हणाला, "माझीच." मला पेंग येत होती. तंबोरा आमच्या दोघांच्या मध्ये आडवा होता, आणि नको नको म्हणता मी डोकं खोळीवर, भोपळ्याच्या उतारावर टेकवलं. बुवा ओरडेल म्हणून वाट बघितली. ओरडला नाही.

गायक खर्जातून वर येत षड्जावर आले आणि थांबले. आणि माझ्या कानाखाली, जुन्या गोधडीच्या खोळीच्या आत, तंबोरा बोलला. अगदी बारीक. कुणीही हात लावलेला नव्हता. त्यांनी सूर सोडला, तो थांबला. त्यांनी परत षड्ज धरला, तो परत बोलला. मी बुवाचा हात धरून त्याला खाली ओढलं. तो वाकला, कान लावला आणि तसाच राहिला. पहिल्यांदा आलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं. मग पंढरपूरकराने भजी खाली ठेवून, हात पँटला पुसून, तिसऱ्या बाजूने कान लावला. तीन मोठी माणसं एका भोपळ्याला कान लावून पडलेली. शेजारच्या आजोबांनी एकदा डोळे उघडून बघितलं, सरकून आम्हाला जागा केली आणि परत मिटले.

पहाटे भैरवीनंतर सगळे उठले तेव्हा उजाडायला आलं होतं आणि हवेत तेवढ्यापुरता गारवा होता. डॉक्टरला उठवलं तर म्हणाली, "संपलं? कसं झालं?" कुणालाच नीट सांगता आलं नाही. स्टेशनवर चहा घेतला. यार्डात वाघिणींची नवी रांग लागली होती, माणसं जाड पाइप ओढत होती. जयसिंगपूर येईपर्यंत ऊन खिडकीतून मांडीवर आलं. तिथे भडंग घेतलं. बुवाने स्वतःहून पाणी प्यायलं, दोनदा.

कोल्हापुरात रिक्षात बसताना तंबोरा आडवा जाईना, उभा जाईना. रिक्षावाला खाली उतरला, खोळीला एक टिचकी मारली आणि म्हणाला, "काय हाय ह्यात? भोपळा हाय काय?"

"हाय की," पंढरपूरकर म्हणाला. "कडू हाय पण. खायचा न्हाई."